मिस्टर वगीहबद्दल काही सांगता येणार नाही

"माझ्या वर्गातलं एकही पोर यापुढे कुणाकडून फसणार नाही, लिहून घ्या," असं वगीहनं शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, तेव्हा कुणीच काही लिहून घेतलं नाही. गणिताच्या बाई चहात साखर ढवळत होत्या, खेळाचे सर खुर्चीत पेंगत होते आणि बाकीच्यांना डिजिटल नागरिकत्व म्हणजे वरून आलेलं आणखी एक लचांड, एवढंच ठाऊक होतं. असली लचांडं दुम्यात शहरातल्या शाळांत दरवर्षी येतात. भिंतीवर एक तक्ता चिकटवायचा, पोरांकडून एक गाणं म्हणून घ्यायचं, त्याचा फोटो वर पाठवायचा, की ते आपोआप निघून जातं.

पण वगीह पडला कॉम्प्युटरचा मास्तर. त्याच्या विषयाला शाळेत कुत्रं विचारत नव्हतं. परीक्षा जवळ आली की त्याचे तास गणिताच्या बाई पळवायच्या आणि पाऊस आला की त्याच्या खोलीत खेळाचे सर पोरांना उड्या मारायला लावायचे. अशा माणसाला मन्सूरा शहरात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तिथे कुणीतरी त्याला 'उद्याच्या पिढीचे पहारेकरी' म्हटलं, आणि गडी पेटूनच परत आला.

त्यानं पाचवीचा वर्ग हाती घेतला. नियम सोपे होते. अनोळखी माणसानं काही विचारलं तर माहिती द्यायची नाही. स्वतःची नाही, घरच्यांची नाही, ओळखीतल्या कुणाचीच नाही. माणूस जितका गोड, तितका धोका मोठा. त्यातून तो खाऊ देत असेल तर पाणी नक्कीच मुरतंय असं समजायचं. उलट आपणच विचारायचं, तुम्ही कोण, तुम्हाला कुणी पाठवलं? कुणाचा फोटो काढायचा तर त्याची परवानगी घ्यायची. आणि मग तडक विश्वासातल्या मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं.

"विश्वासातला मोठा माणूस म्हणजे कोण, मिस्टर?" शहदनं विचारलं. दुम्यातची पोरं मास्तरला मिस्टरच म्हणतात. ही शहद म्हणजे दोन वेण्या घातलेला वकील होती.

"ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे तो."

"म्हणजे तुम्ही?"

वगीहचा शर्ट छातीवर एकदम घट्ट झाला. "मी तर आहेच," तो म्हणाला.

मग मुआझनं हात वर केला. हा मुलगा एरवी महिन्यातून एकदा बोलायचा. "मिस्टर, तो माणूस फोनमध्ये नसला आणि खराच रस्त्यावर उभा असला तर?"

इथं वगीहनं जरा थांबून विचार करायला हवा होता. पण पेटलेला माणूस थांबतो कुठे? "रस्ता काय आणि फोन काय, नियम तोच," त्यानं ठोकून दिलं. नुसतं ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यानं पोरांकडून ते घोटून घेतलं. स्वतः अनोळखी माणूस झाला, हातात मिठाईची पिशवी धरली आणि लाडीगोडी लावत बाकाबाकांमधून फिरला. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग मिठाई खाऊन घरचे पत्ते सांगून मोकळा झाला. चौथ्या दिवशी मात्र पोरांनी त्याला असं धारेवर धरलं की बिचाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची चोरी झाली. वगीहच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं शहाणं पीक त्याच्या हातून पहिल्यांदाच उगवलं होतं.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला.

वगीहचं लग्न ठरत होतं. छत्तिशी गाठलेल्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरत होतं, म्हणजे त्याच्या आईचा, हज करून आलेल्या हाज्जा इतिदालचा, जीव कुठे टांगला असेल बघा. आणि या खेपेला वगीहचाही टांगला होता. मुलगी म्हणजे इनास, फर्निचरचा कारखाना असलेल्या मुअल्लिम अत्वांची, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं अत्वाशेठची, लेक. आईसाठी खुर्ची बघायला म्हणून वगीह त्या कारखान्यात गेला होता. "ही खुर्ची मजबूत आहे का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा इनास म्हणाली होती, "बसून बघा. मोडली तर तुमची, नाही मोडली तर आमची." वगीह बसला तो बसलाच. घरी आला तेव्हा त्याच्याकडे खुर्ची नव्हती आणि झोपही गेली होती.

मायलेक रीतसर जाऊन मागणी घालून आले. मुअल्लिम अत्वा म्हणाले, "मुलगा बरा दिसतोय. आम्ही जरा विचारपूस करतो, मग फातिहा वाचू." फातिहा वाचली की बोलणी पक्की. आणि विचारपूस म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुलीकडचं कुणीतरी न सांगता मुलाच्या गल्लीत येतं. न्हाव्याला, वाण्याला, इमारतीच्या रखवालदाराला गाठतं आणि खोदून खोदून विचारतं. पोरगा कसा आहे? आईवर ओरडतो का? व्यसनं काय? भल्याभल्यांची लग्नं न्हाव्याच्या खुर्चीत मोडलेली आहेत.

वगीहला त्याची भीती नव्हती. त्यानं सगळा बंदोबस्त केला होता. सलामा न्हावी, कोपऱ्यावरचा वाणी आणि रखवालदार, तिघांना चहा पाजून त्यानं एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: "वगीह म्हणजे निव्वळ सोनं; दिवसा शाळा आणि संध्याकाळी आईची सेवा." मोठ्यांना काय बोलायचं ते पढवलं, लहानांना न बोलायचं पढवलं. एका माणसानं एकाच आठवड्यात दोन्ही उद्योग केले आणि दोन्हींची गाठ पडेल असं त्याच्या मनातही आलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

सोमवारी दुपारी वगीह जेवून जरा आडवा झाला होता. तेवढ्यात दार वाजलं. दारात शहद, मुआझ आणि मागे जिन्यावर पाचवीचा निम्मा वर्ग उभा होता.

"मिस्टर, आला होता," शहद म्हणाली.

"कोण?"

"अनोळखी माणूस. एवढ्या मिशा. हातात मशब्बकचा डबा." मशब्बक म्हणजे दुम्यातची जिलेबीच म्हणा; तिच्यापुढे तिथली पोरं सहसा टिकत नाहीत. "आम्हाला म्हणाला, 'या रे बाळांनो, खा.' मग म्हणाला, 'मिस्टर वगीहला ओळखता का?'"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, कुणाला ओळखतो आणि कुणाला नाही, ते आम्ही सांगत नसतो. तुम्ही कोण? तुम्हाला कुणी पाठवलं? तर तो गडबडला आणि म्हणाला, 'ते मला सांगता येत नाही.'"

"सांगता येत नाही म्हणाला?" वगीह एकदम ताठ झाला. मन्सूराच्या प्रशिक्षणातल्या बाईंनी अगदी हेच सांगितलं होतं. असली माणसं आधी मास्तरचं नाव घेतात, पोरांचा विश्वास मिळवतात, आणि मग... पुढचं त्या बाईंनी सांगितलं नव्हतं, पण नुसती मान हलवली होती. "आणि मशब्बक?"

"कुणी खाल्लं नाही," मुआझ म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता.

"शाबास!"

"आणि मिस्टर, मी फोटोपण काढला," शहद म्हणाली. "परवानगी विचारून. तो म्हणाला, 'काढ की पोरी,' आणि मिशा सारख्या करून उभा राहिला."

तिनं स्वतःच्या आईचा फोन पुढे केला. फोटोत साठीचा एक भारदस्त गृहस्थ मशब्बकचा डबा छातीशी धरून लग्नाला आल्यासारखा हसत होता. गुन्हेगार इतका निर्ढावलेला असू शकतो हे बघून वगीहच्या अंगावर काटा आला.

"कोण आहे रे?" वगीहच्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पोरं पळवणारा आहे, आई."

"अरे, मुलीकडचा कुणी असायचा. चौकशीला आला असेल."

"चौकशीला आलेला माणूस न्हाव्याकडे जातो आई, पाचवीच्या पोरांकडे नाही."

रीत तीच होती, त्यामुळे आई परत चुलीकडे वळली.

आता इथून पुढे वगीहनं जे केलं, ते त्यानं वर्गात कुणाला करू दिलं नसतं. 'खातरजमा केल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका' हा त्याचा स्वतःचा सातवा नियम होता. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेतल्या आयांचा एक ग्रुप होता. उद्या भूगोल आहे की विज्ञान, इथपासून अमकीच्या नणंदेनं काय केलं, इथपर्यंत सगळं त्यात चालायचं. त्या ग्रुपवर त्यानं मजकूर टाकला: 'सावधान. गोड खाऊ देऊन मुलांकडून माहिती काढणारा इसम आपल्या गल्लीत फिरत आहे.' आणि खाली फोटो.

फोटो टाकण्याआधी मात्र त्याच्यातला नागरिक जागा झाला. काढायची परवानगी होती, पसरवायची कुठे होती? माणूस गुन्हेगार असला म्हणून काय झालं, त्याची ओळख उघड करणं बरं नव्हे. म्हणून त्यानं मोठ्या सज्जनपणे त्या गृहस्थाच्या डोळ्यांवर एक काळी पट्टी ओढली. आता तुम्ही एखाद्या संताच्या फोटोतही डोळ्यांवर काळी पट्टी ओढून बघा, तो दोन खून करून फरार झालेला दिसतो. शिवाय ओळख लपली म्हणावं तर त्या मिशा होत्या तशाच होत्या. दुम्यातमध्ये तशा मिशा दुसऱ्या कुणाला असतील असं वाटत नाही.

चहा होईपर्यंत फोटो गल्लीभर झाला. दिवे लागेपर्यंत नदीपलीकडे गेला. एकीनं लिहिलं, याला मी गेल्या महिन्यात बाजारात पाहिलं. दुसरीनं लिहिलं, डब्यात गुंगीचं औषध असतं. तिसरीच्या दिराच्या मेव्हण्यानं पोलिसात चौकशी केली म्हणे, हा माणूस तीन प्रांतांत हवा आहे. वगीह एकेक संदेश वाचत होता आणि आपण किती मोठं संकट टाळलं या विचारानं थरारत होता.

मंगळवारी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला बायकांचा आवाज ऐकू आला. सलामाच्या दुकानासमोर ही गर्दी. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या हातात चप्पल, आणि एक बाई तर कोबी घेऊन उभी होती. बाजारातून परस्पर आली असावी. दुकानाच्या दारात शहद दोन्ही हात पसरून कुणाला आत जाऊ देत नव्हती.

"मिस्टर, पकडला," ती म्हणाली. "परत आला होता. पण मारायचं नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही म्हणाला होतात ना, आधी विश्वासातला मोठा माणूस."

आत सलामाच्या खुर्चीत ते मिशावाले गृहस्थ बसले होते. सलामानं सवयीनं त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं होतं. मांडीवर मशब्बकचा नवा डबा होता आणि चेहरा संतापानं बिटासारखा लाल झाला होता.

वगीहनं आवाज भारदस्त केला. "काय हो, लाज नाही वाटत या वयात? कोण तुम्ही?"

"मी हाज सब्री," गृहस्थ म्हणाले. "इनासचा मामा. तू कोण?"

वगीहनं नाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात शहद मागून म्हणाली, "सांगू नका, मिस्टर. आधी त्यांना ओळख पटवू द्या."

"मिस्टर?" हाज सब्री खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तूच तो वगीह?"

सलामानं हळूच मान खाली घातली. वगीहला वाटलं, आता या दुकानातला एखादा वस्तरा आपणच आपल्या मानेवर फिरवून घ्यावा.

थोडक्यात खुलासा असा, की हे हाज सब्री म्हणजे त्या घराण्याचे चौकशीप्रमुख होते. जन्मभर बंदरावर जकातीत नोकरी केलेली. माणूस बघितला की याच्या सामानात काय दडलंय, हाच पहिला विचार. आजवर त्यांनी इनासची तीन स्थळं मोडली होती. त्यांचं म्हणणं असं, की मोठी माणसं एका चहावर खोटं बोलतात, खरं बोलतात ती फक्त पोरं. म्हणून न्हाव्या-वाण्याला विचारलं तरी ते मशब्बक घेऊन पोरांनाही गाठायचे. एक स्थळ तर त्यांनी 'तो काका मांजराला लाथ मारतो' एवढ्यावर परतवलं होतं.

हाज सब्रींचा मुअल्लिम अत्वांना फोन गेला होताच. त्यांची गाडी येऊन थांबली आणि चालवत होती इनास. ती उतरली, गर्दीतून वाट काढत वडिलांच्या मागोमाग दारात आली. मागून वगीहची आईही डोक्यावरचा रुमाल सावरत धापा टाकत पोचली.

"अत्वा, ऐक," हाज सब्री गरजले. "हे स्थळ नको. मी काल न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला, 'निव्वळ सोनं, दिवसा शाळा आणि संध्याकाळी आईची सेवा.' वाण्याकडे गेलो, तोही तेच म्हणाला. रखवालदाराचं तर अजून तोंडही उघडलं नव्हतं, मीच म्हटलं, 'निव्वळ सोनं ना?' तर म्हणाला, 'हो, दिवसा शाळा.' हे काय लक्षण झालं?"

सलामानं मघाशी बायकांना हे सांगून बघितलं होतं, पण लाटण्यांपुढे त्याचं कुणी ऐकलं नव्हतं; तो कात्री पुसू लागला.

"आज येऊन पोरांना परत गाठलं. मी विचारलं, मिस्टर मारतो का? ही पोरगी म्हणाली, 'मिस्टर वगीहबद्दल काही सांगता येणार नाही.' सिगारेट ओढतो? सांगता येणार नाही. बरं, एखादी बायको लपवून ठेवलीय का? तर म्हणाली, 'त्यांच्या कुटुंबाबद्दल तर मुळीच सांगता येणार नाही.' मी म्हटलं, तुम्हाला असं बोलायला कुणी शिकवलं? तेवढं मात्र सगळी एका सुरात म्हणाली: मिस्टर वगीहनं. अत्वा, तीस वर्षं जकातीत काढली मी, पण गल्लीतल्या पोरांची तोंडं शिवणारा माणूस बघितला नव्हता. आणि वर त्यानं माझा चेहरा चोरासारखा गावभर फिरवला. सकाळी आमचा दूधवाला दूध उंबऱ्याबाहेर ठेवून पळाला."

मुअल्लिम अत्वा शांत माणूस. ते वगीहकडे वळून म्हणाले, "बाबा रे, मला एक मुलगी आहे. मला एवढंच समजायला हवं की माणूस कसा आहे. जो आपल्याबद्दल पोरांनाही बोलू देत नाही, त्याच्या घरी ती कशी पाठवू?"

हे खरं होतं आणि म्हणूनच वगीहला लागलं. हात दाखवून अवलक्षण केलं होतं ते त्यानंच. त्यानं इनासकडे बघायचं टाळलं आणि शहदपुढे चक्क गुडघ्यावर बसला. "शहद, मुआझ, मी परवानगी देतो. माझ्याबद्दल जे माहीत असेल ते यांना सांगा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. "तुम्हाला कुणी धमकी दिलीय का, मिस्टर?" शहदनं हळूच विचारलं. "दिली असेल तर डावा डोळा मिचकावा."

"कुणी दिलेली नाही. मी मनापासून सांगतोय."

"सगळं सांगायचं?"

"सगळं."

"'कुणाला सांगू नका' म्हणाला होतात, तेसुद्धा?"

वगीहनं क्षणभर डोळे मिटले. मग मान हलवली, आणि धरण फुटलं.

"मिस्टर पालीला घाबरतात. कॉम्प्युटरच्या खोलीत पाल आली तेव्हा ते टेबलावर चढले आणि मला तिला बाहेर काढायला लावलं."

"मिस्टर एकटे असले की गातात. फार वाईट गातात."

"मिस्टरांनी एकदा मुख्याध्यापकबाईंचा फोन दुरुस्त केला आणि तो कायमचा बंद पडला. मग म्हणाले, 'मी हात लावायच्या आधीपासूनच बंद होता.'"

"मिस्टर मारत नाहीत. त्यांना रागावता येत नाही. रागावले की तोतरे होतात."

मग मुआझ पुढे आला. चपलेच्या टोकानं जमीन उकरत म्हणाला, "मिस्टर रोज दोन सँडविच आणतात. एक मला देतात. म्हणतात, आईनं चुकून जास्त दिलंय. माझी आई सकाळी कामावरून आलेली नसते म्हणून. पण कुणाला सांगू नको म्हणाले होते."

कोबीवाल्या बाईनं कोबी खाली ठेवला.

"असं होय," हाज्जा इतिदाल म्हणाली. "आणि मी तीन वर्षं याला जंताचं औषध पाजतेय. म्हटलं, दोन दोन सँडविच खातो आणि अंगाला काही लागत नाही." तिनं मुआझला जवळ ओढलं आणि उगाच पदर शोधावा तसं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

हाज सब्रींच्या मिशा जराशा खाली आल्या होत्या. पोरं खरं बोलतात हे त्यांचंच तत्त्व. आता ते तरी काय करणार? वगीहला वाटलं, सुटलो. तेवढ्यात शहद म्हणाली, "आणि एक राहिलं. शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये मिस्टरांनी एका खुर्चीचा फोटो ठेवलाय. रोज मधल्या सुट्टीत उघडून बघतात."

"खुर्चीचा?" अत्वांनी विचारलं.

"सोनेरी पायांची खुर्ची. कुणीच बसलेलं नाही तिच्यावर. नुसता एका बाईचा हात आहे खुर्चीच्या पाठीवर. मी विचारलं, तर म्हणाले, फोटोचा आकार लहान कसा करायचा ते शिकवायला ठेवलाय. पण शिकवलं कधीच नाही."

वगीह पार कानापर्यंत लाल झाला. सलामानं तोंड फिरवून आरशाकडे केलं. त्यामुळे त्याचं हसू सगळ्यांना जास्तच नीट दिसलं.

दारातली इनास पुढे आली. "तो आमच्या कारखान्याच्या पानावरचा फोटो आहे," ती म्हणाली. "खुर्ची डगमगत होती म्हणून मी धरून ठेवली होती. तो हात माझा आहे."

"मिस्टर!" शहदला खरा धक्का बसला होता. "तुम्ही हातवाल्या बाईंची परवानगी घेतली होतीत?"

वगीहनं नाही अशी मान हलवली. उद्याच्या पिढीचा पहारेकरी न्हाव्याच्या दुकानात, कापलेल्या केसांत, गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"मग आता घ्या," इनास म्हणाली.

"क-कसली?" वगीह तोतरा झाला.

"हाताची. सगळ्यांसमोर मागा. मी ऐकतेय."

वगीहनं मागितला. काय शब्द वापरले ते त्याला आजही आठवत नाही, आणि गल्लीतली पोरं काही सांगणार नाहीत. इनासनं ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, माझी परवानगी आहे. आधीच्या तिन्ही स्थळांनी माझ्याकडे हात नाही, खुर्ची मागितली होती, तीही कमी किमतीत."

दारातल्या बायकांनी लाटणी काखेत मारून जिभा फिरवत आनंदाच्या लकेरी घेतल्या. मुअल्लिम अत्वा हसले. राहिले हाज सब्री. त्यांनी गळ्याचं कापड सोडलं, मिशा नीट केल्या आणि म्हणाले, "मी आड येणार नाही. पण एक अट आहे. माझं तोंड या माणसानं ज्या ग्रुपवर फिरवलं, तिथे माझी भरपाई व्हायला हवी."

"मी माफीचा मजकूर टाकतो, मामा. आत्ता टाकतो."

"माफी कोण वाचतं? लोक फोटो बघतात."

हे तर वगीह वर्गात स्वतःच शिकवत होता. त्यानं अट न ऐकताच मान्य करून टाकली.

शुक्रवारी फातिहा वाचली गेली. सरबत फिरलं, मशब्बक फिरलं. मुआझनं मागची सगळी कसर भरून काढली. मग सगळे फोटोला उभे राहिले. मधे इनास आणि वगीह, बाजूला आई आणि अत्वा, आणि मागे मिशा परजून हाज सब्री. शहदनं एकेकाची परवानगी घेऊन फोटो काढला, हाज सब्रींच्या अटीप्रमाणे त्यावर आपल्या हातानं काम केलं आणि आयांच्या ग्रुपवर टाकला.

तोच फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात, सोनेरी चौकटीत, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा टांगलेला आहे. सगळे अगदी प्रसन्न हसताहेत, आणि नवरदेवाच्या डोळ्यांवर जाडजूड काळी पट्टी आहे. ग्रुपवर त्याच्याखाली पहिलाच संदेश आला होता: 'अभिनंदन. शेवटी पकडला म्हणायचा.'